सेल फिरतोय का?

फोनवरचा माणूस सांगत असतो की गाडी चालूच होत नाही, काल संध्याकाळपर्यंत चांगली होती, आत्ता पोरांना शाळेत सोडायचंय. मिस्त्री त्यातलं बहुतेक कानाआड करतात आणि एवढंच विचारतात, "सेल फिरतोय का?" उत्तर गोंधळाचं आलं तर म्हणतात, "बॉनेट उघडा, फोन तिथं ठेवा आणि किल्ली मारा." मग शेजारच्या लेथचा आवाज अडावा म्हणून दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून ऐकतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि फाउंड्रीच्या पसाऱ्यात त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. इंजिन उघडणं हे त्यांचं काम नाही. बॅटरी, वायरिंग, अल्टरनेटर, स्टार्टर, सेन्सर एवढंच त्यांचं राज्य. तरी सकाळी अडून बसलेली गाडी आधी त्यांच्याकडे येते, कारण गाडी चालू झाली नाही की गाडीवाल्याचा पहिला संशय बॅटरीवर असतो. मी तिथे बरेच दिवस जाऊन बसलो ते हा संशय कसा खोटा पाडतात, किंवा खरा ठरवतात, ते बघायला.

इंजिनला स्वतःहून सुरुवात करता येत नाही, आधी कुणीतरी त्याला फिरवावं लागतं. १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर मोटारीत बसवला, तोवर ते काम हँडल मारणाऱ्याच्या खांद्याचं होतं. आता ते एका छोट्या मोटरकडे, म्हणजे सेलकडे, आहे आणि ती मोटर त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीतून शंभर-दीडशे ॲम्पिअर ओढते, डिझेल गाडी असेल तर त्याहून बरेच जास्त. गाडीतलं दुसरं कुठलंच उपकरण एवढं मागत नाही. म्हणून मिस्त्रींचा पहिला प्रश्न तो. सेल नेहमीच्या जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी आणि स्टार्टरला सोडून द्यायचं आणि इंधन, ठिणगी, कॉम्प्रेशन यांच्या मागे लागायचं. सेल फिरतच नाही, तर पेट्रोलचा विचारसुद्धा करायचा नाही. निम्मी गाडी फोनवरच बाजूला पडते.

न फिरण्यातही प्रकार आहेत. किल्ली मारली आणि काहीच आवाज नाही, एकच 'टक्' झालं, 'कटकटकट' झालं, किंवा मोटर मोकळीच 'घूंऽ' करून फिरली आणि इंजिन जागचं हललं नाही. शेवटच्या प्रकारात स्टार्टरच्या बेंडिक्सचं दातेरी चाक फ्लायव्हीलला लागत नसतं. 'कटकट' मात्र फसवी. ती ऐकली की रस्त्यावरचा कुणीही सांगतो, बॅटरी गेली. पुष्कळदा ते खरंही असतं.

पन्हाळ्याकडची एक जुनी जीप अशीच 'कटकट' करत, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून, दुकानापुढे आली. मालकाने नुकतीच नवी बॅटरी टाकली होती, टर्मिनलवरचं लाल प्लास्टिकचं टोपण अजून चकचकीत होतं. मिस्त्रींनी हत्यार हातात घेतलं नाही. मालकाला म्हणाले, "हेडलाईट लावा आणि सेल मारा." स्वतः समोर जाऊन उभे राहिले. कटकट झाली, दिवे होते तसेच लख्ख राहिले.

माझ्या मते त्या दुकानात बघितलेली ही सगळ्यात देखणी तपासणी. हिला पैसे लागत नाहीत, फक्त समोर उभं राहावं लागतं. सेल मारताना दिवे मलूल झाले, तर बॅटरीत दम नाही किंवा स्टार्टर अडकून भलताच करंट ओढतोय. दिवे तसेच राहिले, तर बॅटरी द्यायला तयार आहे पण करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. मग वाट कुठे तुटलीय ते शोधायचं.

मग मीटर आला. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल मारताना ती १२.२च्या खाली गेली नाही. चांगली बॅटरीदेखील स्टार्टर खरोखर ओढू लागला की साडेदहा-अकरापर्यंत उतरते. साडेनऊच्या खाली गेली तर तिचं काही खरं नाही. इथे ती उतरतच नव्हती. आता मिस्त्रींनी मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर ठेवली आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. हे बघायला विचित्र वाटतं, कारण दोन्ही जागा एकाच मायनसच्या. त्यांच्यात फरक असायलाच नको. "मार," ते दुकानातल्या पोऱ्याला, बारक्याला, म्हणाले. आकडा सात-आठच्या आसपास नाचला. जिथे ०.२ पेक्षा जास्त दिसायला नको तिथे सात. बॅटरीने दिलेला अर्ध्याहून अधिक दाब त्या परतीच्या वाटेत कुठेतरी संपत होता.

इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं, त्यामुळे चासीपासून ते विजेच्या हिशेबाने तुटलेलं असतं. त्या दोघांना जोडते ती एक तांब्याची विणलेली पट्टी, अर्थिंगची. बारक्या गाडीखाली गेला आणि पट्टीचं टोक हातात घेऊन आला: हिरवट बुरशी आलेली, निम्म्या तारा तुटलेल्या. मालक म्हणाले, "अन् ॲक्सिलरेटरची केबल परवापासून गरम लागतीया." मिस्त्रींनी मान हलवली. पट्टीतून जाता येईना म्हणून करंट मिळेल त्या लोखंडातून वाट काढत होता, बारीक केबलीतूनसुद्धा. काही गाड्यांत त्या केबलीचं आवरण अशानं वितळतं. नवी पट्टी लागली, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, आणि जीप अर्ध्या सेलला चालू झाली.

बिल दोनशे रुपये. आणि मालकांचा प्रश्न: "एवढ्याशा पट्टीचे दोनशे?"

आपल्याकडे गॅरेजमध्ये पैसे मोजले जातात ते काय टाकलं त्याचे. बॅटरी टाकली, चार-पाच हजार, कुणी हूं की चूं करत नाही. बॅटरी टाकायची गरज नाही हे शोधून काढलं, तर त्या शोधाला बिलात ओळ नाही. मग मिस्त्रीसमोर सरळ हिशेब उभा राहतो: अर्धा तास मीटर धरून दोनशे मिळवायचे, की पाच मिनिटांत बॅटरी बदलून कमिशन घ्यायचं. दुसरा मार्ग घेणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. गिऱ्हाइकानेच तो मार्ग रुंद केलाय. तपासणीचे वेगळे पैसे सांगितले की लोक उठून जातात, असं मिस्त्री सांगतात. म्हणून ते तपासणीची किंमत पट्टीत घालतात आणि पट्टी महाग म्हणून बोलणी खातात.

दुसरा एक प्रश्न ते हमखास विचारतात: गाडी किती वेळ उभी होती? रोज चालते तोवर ठीक, पण शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी मेलेली, असं उत्तर आलं तर बॅटरीपेक्षा चोरी शोधायची. बंद गाडीतही घड्याळ, लॉक, संगणक थोडा करंट खातच असतात. तो साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर चालतं. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर नाहीतर ट्रॅकर अर्धा ॲम्पिअर पीत बसला, तर ३५ ॲम्पिअर-तासांची भरलेली बॅटरी तीन दिवसांच्या आत रिकामी. हे पकडताना घाई करून चालत नाही. दरवाजा उघडला की गाडीतला संगणक जागा होतो आणि मीटरवरचा आकडा वाढतो. म्हणून मिस्त्री दरवाजा उघडा ठेवून त्याच्या कुलुपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबतात, गाडीला दरवाजा बंद झालाय असं वाटू देतात, आणि चहा सांगतात. चहा संपेपर्यंत गाडी झोपते. मग एकेक फ्यूज काढत जायचा. ज्या फ्यूजला आकडा पडला, त्या लाइनीवर चोर.

दुचाकी त्यांच्याकडे कमी येतात आणि आल्या तर ते आधी किल स्विच आणि साइड स्टँडचा स्विच बघतात. ढकलत आणलेल्या गाडीचं लाल बटण नुसतं वर करून परत पाठवलेली माणसं मी बघितली. ती फार वेळ थांबत नाहीत. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा प्लग काढून बघायचा: ओला आणि पेट्रोलचा वास असलेला निघाला तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही, कोरडा निघाला तर पेट्रोलच येत नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून दुचाकींतही इंजेक्शन आलं, तेव्हा किल्ली फिरवल्यावर टाकीतल्या पंपाची दोन सेकंदांची 'झूं' ऐकायची. ती आली नाही तर फ्यूज, रिले, पंप, या क्रमाने.

पेट्रोलचाही आता वेगळा वहीम घ्यावा लागतो. त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि ते बनवणाऱ्या डिस्टिलऱ्या या उसाच्या जिल्ह्यात जवळच आहेत. इथेनॉलला पाण्याची ओढ. टाकीत पावसाचं पाणी बऱ्यापैकी शिरलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाला बसतं, आणि पंप ओढतो तो तळातूनच. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं पेट्रोल मिस्त्री काचेच्या बाटलीत काढून उन्हात ठेवतात. मध्ये रेघ दिसली की बाकीची तपासणी बंद.

डिझेलला ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती डिझेल पेटेल इतकी तापावी; म्हणून डिझेल गाडीचा थंड सकाळी सगळ्यात जास्त आळस. सेल फिरतोय, इंजिन पकडत नाही, अशा जुन्या पिकअपच्या मागे जाऊन मिस्त्री सायलेन्सर बघतात. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही: हीटर प्लग गेले असतील किंवा कॉम्प्रेशन उतरलं असेल. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. एकदा चालू झाली की दिवसभर लागेल तेव्हा चालू होते, फक्त सकाळी रडते, असं असेल तर ते पंपाला एक पारदर्शक नळी जोडतात आणि रात्रभर तशीच ठेवतात. सकाळी नळीत बुडबुडे: कुठलातरी सांधा हवा घेतोय आणि डिझेल रात्रीतून मागे टाकीत उतरतंय. हातपंप मारून हवा काढली की गाडी चालू होते, पण तो इलाज नव्हे. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. नव्या कॉमन रेल गाड्यांत मात्र ते इंजेक्टरच्या नळ्यांना हात लावत नाहीत. तिथे हजार बारच्या वरचा दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

आणि मग गरम झाल्यावर रुसणाऱ्या गाड्या. पूर्वी हे दुखणं घाटांचं होतं. प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला, घाट चढून तो तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढत बसायचा. ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी गेली, त्याआधीच पंप टाकीत गेले होते आणि फडक्याचं काम संपलं होतं. आता गरम झाल्यावर दगा देतो तो बहुधा क्रँक सेन्सर. इंजिन कुठल्या अंशात फिरतंय हे तो संगणकाला सांगतो. तो गप्प झाला की संगणकाच्या लेखी इंजिन उभंच आहे, मग ठिणगी कशाला आणि पेट्रोल कशाला. सेल जोरात फिरतो, बाकी काही नाही. थंड झालं की सेन्सर पुन्हा बोलू लागतो.

माझ्यासमोर अशीच एक कार आली. मालक औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, फिरती रत्नागिरीपर्यंत. येताना आंबा घाट चढून चहाला थांबलं की गाडी चालू होत नाही, अर्ध्या तासाने होते. दुकानात मात्र ती प्रत्येक सेलला चालू झाली. स्कॅनर लावला, एकही कोड नाही. इंजिन तासभर चालू ठेवलं, पंखा लागेपर्यंत तापवलं, सेन्सरवर गरम हवेची बंदूक धरली. चालू. मालक कंटाळून म्हणाला, "टाका की नवीन सेन्सर, मी देतो पैसे."

मला वाटलं, हे तर आयतं चालून आलेलं बिल. मिस्त्रींनी नकार दिला. "टाकतो. अन् घाटात परत बंद पडली मग? रिले आहे, पंप आहे, वायरचा कनेक्टर आहे. तेव्हा माझ्याकडं काय राहिलं बघायला?" मग त्यांनी त्याला कामं सांगितली. पुढच्या वेळी बंद पडली की थंड होऊ द्यायची नाही. लगेच किल्ली फिरवून मागून पंपाची 'झूं' येते का ऐकायचं. मग सेल मारताना आरपीएमचा काटा बघायचा: जरा हलला तर सेन्सर जिवंत असणार, शून्यावर चिकटून राहिला तर सेन्सरवरच आपला संशय. त्याचा व्हिडिओ काढायचा आणि लगेच फोन करायचा.

"पण तोवर मी अशीच गाडी चालवायची?"

"चालवा. अजून नीट बिघडली न्हाई ती. परत रत्नागिरी कधी?"

"उद्याच."

"मग उद्या येताना घाटावरनं फोन करा," मिस्त्री म्हणाले, "रेंज मिळाली तर."