लॅटिनचा शब्दकोश मोबाइलवर : अर्थ सापडतो, निवडायचा कोणी?

धरमपेठेत शिकवणीला जाणाऱ्या बहुतेक मुलांना लॅटिन भेटते ती जीवशास्त्राच्या पुस्तकात. आंबा तिथे 'मँगिफेरा इंडिका' होतो, तीळ 'सेसॅमम इंडिकम' आणि आपला वशिंडाचा बैल 'बॉस इंडिकस'. मुलं नावं पाठ करून मोकळी होतात. पण 'भारतातला' या एकाच शब्दाचे तीन शेवट का, हे विचारून बघा. उत्तर लिंगात आहे. संस्कृतात नवः, नवा, नवम्, तसं लॅटिनमध्ये नोवुस, नोवा, नोवुम. अर्थही तोच, नवीन!

इथून गोडी लागली की मूल मोबाइलवर शब्दकोश शोधतं. विल्यम व्हिटेकर यांचा 'वर्ड्‌स' हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी चांगला आहे. छापील कोशात मूळ रूप माहीत असावं लागतं. यात वाक्यातला शब्द जसाच्या तसा टाकायचा. प्रोग्रॅम प्रत्यय सोडवून विभक्ती, वचन, काळ आणि इंग्रजी अर्थ दाखवतो.

खरी अडचण यापुढे येते. 'कानिस' टाकलं तर 'कुत्रा' मिळतो आणि 'गाणे' या क्रियापदाचं रूपही. 'रोझाए' म्हणजे गुलाबाचा, गुलाबाला किंवा अनेक गुलाब. मूल पहिला अर्थ उचलतं आणि वहीत उतरवतं. असंच संस्कृतातही होतं. 'भवति' म्हणजे 'होतो'. पण मुंजीत भिक्षा मागणारा बटू तोच शब्द उच्चारतो, तेव्हा तो समोरच्या बाईंना हाक मारत असतो. कोश दोन्ही अर्थ देईल, निवड मात्र वाक्यच करतं.

दुसरा धोका इंग्रजीचा. क्रियापद म्हणून 'कानिस'चा इंग्रजी अर्थ 'यू सिंग'. तो 'तू' की 'तुम्ही', इंग्रजीवरून कळत नाही. लॅटिनमध्ये मात्र आपल्यासारखाच भेद आहे: कानिस एकाला, कानितिस अनेकांना. म्हणून अर्थाबरोबर व्याकरणाची ओळही वाचायची सवय लावा.

घरी किंवा वर्गात एवढं करा:

१. मोबाइल बाजूला ठेवून आधी क्रियापद आणि त्याचा कर्ता शोधायला लावा.
२. प्रत्येक शब्दाचा अंदाज पेन्सिलीने लिहू द्या.
३. मग कोश उघडा. मिळालेली सगळी रूपं लिहा आणि न बसणारी खोडा.
४. 'हे का खोडलंस?' एवढंच विचारा.

चौथी पायरी गाळू नका. पालकांना लॅटिन येत नसली तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर देताना मुलाला वाक्य पुन्हा वाचावंच लागतं. अनुवादाचा अभ्यास होतो तो तिथे. खोडलेल्या अर्थांनी भरलेली वही दिसली, तर अक्षरावरून रागावू नका, शाबासकी द्या.