दुर्लक्षित व्हिडिओ गेम्स : गुणवत्ता, बाजारपेठ आणि विस्मरण

प्रस्तावना

कोणत्याही कलेच्या इतिहासात गाजलेल्या कृतींच्या शेजारी न गाजलेल्या चांगल्या कृतींचीही एक रांग असते. वाङ्मयाच्या अभ्यासकास हे नवीन नाही. पहिल्या आवृत्तीच्या प्रती वर्षानुवर्षे प्रकाशकाकडे पडून राहिलेली आणि पुढे अभ्यासक्रमात आलेली पुस्तके आपल्या परिचयाची आहेत. व्हिडिओ गेम या माध्यमाचा विचार मात्र आपल्याकडे अद्याप या अंगाने फारसा झालेला नाही. गेम म्हटले की मुलांचे व्यसन, वाया जाणारा वेळ आणि डोळ्यांचे विकार एवढ्याच दिशांनी चर्चा होते. ती चर्चा निरर्थक आहे असे नव्हे. परंतु कृती म्हणून गेमकडे पाहण्याची सवय तिच्यामुळे लागत नाही.

प्रस्तुत लेखकाची पिढी टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रावर आणि ‘९९९९ गेम्स’ असे छापलेल्या पिवळ्या कॅसेटवर वाढली. त्या हजारो गेम्सपैकी प्रत्यक्षात आठ-दहाच निराळे असत, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. पुढे तालुक्याच्या सायबर कॅफेत प्रत्येक संगणकावर तेच तीन-चार गेम असत. काउंटर-स्ट्राइक आणि जीटीए व्हाइस सिटी खेळण्यासाठी तासाला पंधरा-वीस रुपये मोजणारे आम्ही, त्याच काळात जगात इतर काय निर्माण होत होते याविषयी पूर्णतः अनभिज्ञ होतो. प्रस्तुत लेखात अशा काही दुर्लक्षित गेम्सचा परिचय करून देण्याचा आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष का झाले याची मीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे.

‘दुर्लक्षित’ या संज्ञेची व्याप्ती

येथे ‘दुर्लक्षित’ हा शब्द मर्यादित अर्थाने योजिला आहे. समीक्षकांनी नावाजले, परंतु प्रकाशित झाले त्या काळात खेळाडूंनी विकत घेतले नाहीत, असे गेम येथे अभिप्रेत आहेत. जे गेम मुळातच सुमार होते ते विस्मृतीत गेले यात नवल नाही.

गेम खपण्याची जुनी पद्धत समजून घेतल्याशिवाय हे दुर्लक्ष समजत नाही. 2000 ते 2010 या दशकात गेम प्रामुख्याने तबकडीच्या स्वरूपात दुकानांतून विकले जात. फळीवरची जागा मोजकी असे. पहिल्या काही आठवड्यांत गेम खपला नाही तर ती जागा दुसऱ्यास मिळे. शिवाय गेम विशिष्ट कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीस जोडण्याच्या विशिष्ट यंत्रासाठी, तयार होत असे आणि साधारण पाच-सहा वर्षांनी त्या यंत्राची पुढची पिढी बाजारात येई. यंत्राच्या अखेरच्या वर्षात आलेल्या गेमचे नशीब म्हणूनच अवघड असे. पुढील दोन प्रमुख उदाहरणांत हे स्पष्ट दिसते.

सायकोनॉट्स

टिम शेफर यांच्या डबल फाइन या संस्थेने केलेला ‘सायकोनॉट्स’ 2005 साली एक्सबॉक्सवर आला. मायक्रोसॉफ्टने सुरुवातीस हा गेम प्रकाशित करण्याचे ठरविले होते. 2004 मध्ये तिने अंग काढून घेतले आणि मॅजेस्को या लहान प्रकाशकाने तो स्वीकारला. समीक्षकांनी भरभरून लिहिले. तरीही 2005 अखेर उत्तर अमेरिकेत त्याच्या एक लाख प्रतीही खपल्या नव्हत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स 360 हे नवे यंत्र आले आणि ग्राहकांचे लक्ष तिकडे वळले.

गेमचा नायक राझ हा सर्कशीतल्या कुटुंबातून पळालेला मुलगा. मनःशक्ती असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात तो शिरतो आणि इतरांच्या मनात प्रवेश करावयास शिकतो. प्रत्येक मन म्हणजे एक स्वतंत्र जग. जगाची रचना हीच त्या व्यक्तीची मनोवस्था, ही या गेमची मूळ कल्पना होय. बॉइड हा रखवालदार कारस्थानांच्या संशयाने पछाडलेला आहे. त्याच्या मनातील टुमदार वसाहतीचे रस्ते हवेत पीळ घेत उलटेसुलटे जातात आणि टोपपट्ट्यांसह लांब कोट घातलेले हेर हातात एखादी वस्तू धरून आपण साधे कामगार असल्याचा बहाणा करतात. ज्याच्या हाती रस्त्यावरचा थांबा-फलक तो रस्ता-कामगार, ज्याच्या हाती फुले तो शोकाकुल नातलग. राझने तशीच वस्तू हाती धरली की ते त्याला आपल्यातला समजून सोडून देतात. संशयी माणसाच्या मनात ओळख किती उथळ खुणांवर ठरते, हे येथे सांगितले जात नाही. खेळाडूस ते स्वतः करावे लागते.

याहून सूक्ष्म उदाहरण मिला या शिक्षिकेच्या मनाचे आहे. तेथे रंगीबेरंगी दिव्यांची, संगीताची मेजवानी चालू असते आणि खेळाडू तरंगण्याचे शिक्षण घेत पुढे जातो. पुष्कळ जण तेथून तसेच पुढे जातात. परंतु आडबाजूची एक खोली शोधणाऱ्यास कळते की मिला पूर्वी एका अनाथालयात मुलांचा सांभाळ करीत असे आणि ते आगीत जळाले. त्या खोलीत मुलांचे आवाज येतात. गेम या खोलीकडे बोट दाखवीत नाही. कादंबरीकाराला असे दुःख लिहावे लागते आणि वाचकाला ते वाचावेच लागते. येथे ते न पाहता जाण्याची मुभा आहे आणि म्हणूनच ज्याला ते सापडते त्याच्यावर त्याचा परिणाम निराळा होतो. हे या माध्यमाचे स्वतःचे सामर्थ्य होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भाषेच्या अभ्यासकासाठी एक गंमतही आहे. इंग्रजीत मनात वागविलेल्या जुन्या दुःखांना ‘सामान’ म्हणण्याची रीत आहे. गेममध्ये प्रत्येक मनात खरोखरच्या रडणाऱ्या पेट्या आणि पिशव्या ठेवल्या आहेत व त्यांना त्यांची चिठ्ठी शोधून द्यावी लागते. मराठीत ही कोटी जशीच्या तशी येणार नाही. आपण मनावरचे ओझे म्हणतो, पण त्या ओझ्याला कडी-कुलूप नसते. दोष सांगावयाचा तर शेवटचा मांसाच्या सर्कशीचा भाग अकारण कठीण आहे आणि अनेकांनी तेथेच गेम सोडला असणार.

पुढील हकिकत उद्बोधक आहे. 2011 मध्ये गेमचे प्रकाशन-हक्क डबल फाइनकडे परत आले आणि संस्थेला तो स्वतः थेट विकता येऊ लागला. 2015 च्या डिसेंबरात दुसऱ्या भागासाठी लोकवर्गणीची मोहीम सुरू झाली; तीत 38 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने डबल फाइन ही संस्थाच विकत घेतली आणि 2021 साली ‘सायकोनॉट्स 2’ प्रकाशित झाला. सतरा वर्षांपूर्वी ज्या कंपनीने गेम नाकारला तिच्याच छत्राखाली त्याचा उत्तरार्ध आला.

ओकामी

‘ओकामी’ हा जपानी गेम हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली क्लोव्हर स्टुडिओने केला आणि कॅपकॉमने 2006 साली प्लेस्टेशन 2 वर प्रकाशित केला. अमेरिकेत तो सप्टेंबरमध्ये आला. प्लेस्टेशन 3 नोव्हेंबरमध्ये. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे या दोहोंच्या मध्ये, क्लोव्हर स्टुडिओ बंद करण्याची घोषणा झाली होती. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गेम म्हणून काहींनी त्याची निवड केली, तोवर निर्मात्या संस्थेचे भवितव्य ठरून गेले होते. पुढे गिनेस बुकाच्या गेमविषयक आवृत्तीत वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळविणाऱ्यांत सर्वांत कमी खपलेला म्हणून त्याची नोंद झाली. अशा मानाने कोणास आनंद होईल कोण जाणे.

सूर्यदेवता अमातेरासू ही पांढऱ्या लांडग्याच्या रूपात अवतरते आणि अंधारलेल्या, कोमेजलेल्या भूमीस पुन्हा जीवन देते, असे कथानक आहे. आठ मस्तकांचा ओरोची सर्प, सुसानो आदी पात्रे जपानी पुराणकथांतून घेतली असून त्यांची थट्टाही मोकळेपणाने केली आहे. आपल्याकडील लोककलांत देवांशी जी सलगी असते तिची आठवण येथे होते. चित्रशैली शाईच्या कुंचल्याची आहे. सुरुवातीस निर्मात्यांच्या मनात वास्तवासारखे दिसणारे जग होते. ते रेखाटण्यास यंत्राची शक्ती अपुरी पडली आणि त्यातूनही ते चित्रशैलीकडे वळले.

ही शैली केवळ सजावट नाही. खेळताना एक कळ दाबली की समोरचे दृश्य थांबते, त्याचा जुना कागद होतो आणि खेळाडूच्या हाती कुंचला येतो. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. शत्रूवर आडवी रेघ ओढली की तो चिरला जातो. वाळलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की ते बहरते. अशी एकूण 13 तंत्रे क्रमाक्रमाने मिळतात. बहुसंख्य गेम्समध्ये खेळाडूची मुख्य क्रिया मारणे ही असते. ‘ओकामी’मध्येही लढाया आहेत, परंतु प्राण्यांना चारा घातल्याने आणि झाडे फुलविल्याने जे मिळते त्यातूनच नायिकेची शक्ती वाढते. चाळीसएक तासांच्या या गेममध्ये काही भाग रेंगाळतो हे मान्य करावे लागेल. त्याच राक्षसाशी पुन्हा पुन्हा लढावे लागते तेव्हा तर विशेष.

2008 साली वी या यंत्रासाठी त्याची आवृत्ती निघाली तेव्हा वेष्टनावर लांडग्याच्या तोंडाशी एका संकेतस्थळाची पुसट मुद्रा छापली गेली. चित्र त्या संकेतस्थळावरून उचलले होते. कॅपकॉमने नवी वेष्टने विनामूल्य देऊ केली. उत्तम कृतीच्या वाट्यास किती निष्काळजीपणा येऊ शकतो याचे हे उदाहरण. 2017 मध्ये गेमची सुधारित आवृत्ती संगणकासह अनेक यंत्रांवर आली आणि डिसेंबर 2024 मध्ये, अठरा वर्षांनी, कामिया यांच्याच दिग्दर्शनाखाली नवा भाग येणार असल्याचे जाहीर झाले.

इतर काही उदाहरणे

‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ 2003 च्या नोव्हेंबरात आला. त्याच महिन्यात त्याच युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ही प्रकाशित केला. घरातल्याच थोरल्याने धाकट्याची जागा घेतली. त्याची नायिका जेड छायापत्रकार आहे. तिच्या हातात काठीही आहे, परंतु खरे शस्त्र कॅमेरा. प्राण्यांची छायाचित्रे काढून ती पैसे मिळविते आणि पुढे सत्ताधाऱ्यांच्या खोटेपणाचे पुरावेही छायाचित्रांतूनच गोळा करते.

शेफर यांचाच याहून जुना ‘ग्रिम फँडँगो’ 1998 चा. मेक्सिकोतील मृतांच्या सणाच्या प्रतिमा आणि जुने अमेरिकी गुन्हेपट यांचा त्यात मेळ आहे. नायक मृतात्म्यांना परलोकप्रवासाची योजना विकणारा एजंट. हा गेम पुढे खेळणेच कठीण झाले. संगणक वेगवान झाले आणि उद्वाहनातील एक कोडे, वेळेचे गणित बिघडल्याने, सुटेना. 2015 च्या सुधारित आवृत्तीपर्यंत रसिकांनी स्वतः लिहिलेल्या दुरुस्त्यांवरच भिस्त होती.

पुण्याचे एक उदाहरण

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ 2020 साली प्रकाशित झाला. तत्पूर्वी लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न अपयशी ठरला होता. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी राजी आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. राजस्थानी किल्ल्यांची वास्तू, पहाडी चित्रशैलीचा रंग आणि छायाबाहुल्यांची प्रसंगचित्रे यांमुळे गेम डोळ्यांस वेगळा वाटतो. द गेम अवॉर्ड्सच्या 2020 च्या सोहळ्यात पदार्पणाच्या स्वतंत्र गेम्समध्ये त्याला नामांकन होते. लढाईचे तंत्र काहीसे एकसुरी आहे आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो, हे खरे. तथापि आपल्याच राज्यात झालेल्या या कृतीविषयी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत विचारणा केली असता बहुतेकांनी नावही ऐकलेले नव्हते. त्यांच्या मोबाइलवर पुष्कळ गेम होते.

जतनाचा प्रश्न

पुस्तक शंभर वर्षांनी उघडले तरी वाचता येते. गेमला त्याचे यंत्र लागते. या दृष्टीने तो चित्रपटास जवळचा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) आज अपूर्णच उपलब्ध आहे. भारतीय मूकपटांपैकी बहुसंख्य नष्ट झाले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झाले तोवर पुष्कळ हानी होऊन गेली होती. गेम्सबाबत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये केलेल्या पाहणीनुसार, 2010 पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने खेळू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नाकारली. वर उल्लेखिलेले गेम वाचले, कारण कोणा निर्मात्याकडे हक्क परत आले किंवा कोणा कंपनीस जुने पुन्हा विकण्यात लाभ दिसला. ज्यांच्या बाबतीत यांपैकी काहीच घडले नाही त्यांची नावे या लेखात नाहीत, कारण ते प्रस्तुत लेखकासही खेळता आलेले नाहीत.

उपरोक्त सर्व गेम सामान्य संगणकावर चालतात व त्यांना महागडे यंत्र लागत नाही. नव्याने खेळणाऱ्याने ‘ओकामी’पासून सुरुवात करावी असे सुचवावेसे वाटते, माउसने कुंचला चालविता येतो. गतवर्षी कला शाखेच्या तृतीय वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना एका रिकाम्या तासाला तो दाखविला. त्यांतील एका मुलीने, जिने पूर्वी संगणकावर कधीच गेम खेळला नव्हता, पहिले वाळलेले झाड फुलविले आणि मग ती वाटेतले प्रत्येक झाड शोधीत राहिली. घंटा होईपर्यंत कथानक जराही पुढे सरकले नाही.