तीन गोळ्या, तीन रीडिंग

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी तीन रीडिंग घेऊन गाईडकडे धावत गेलो होतो. तिन्ही जवळजवळ सारखी होती. सर म्हणाले, "छान. आता अजून सात घे." त्या सातांनी माझा निष्कर्ष पार पुसून टाकला, आणि तोवर मी त्याच्या भरवशावर दोन महिन्यांचं काम आखून बसलो होतो.

ही चूक नेमकी कशी होते, ते मला एका भलत्याच छंदात नीट दिसलं. अमेरिकेत बरेच जण लिव्हर-ॲक्शन रायफलसाठी घरीच शिशाच्या गोळ्या ओततात आणि काडतुसं भरतात. (मी स्वतः रायफल हातात धरलेली नाही. आपल्याकडे विनापरवाना काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा हे फक्त समजून घ्यायचंय.)

उदाहरण म्हणून विंचेस्टरचं १८९४ चं मॉडेल आणि .३०-३० काडतूस घ्या. मॅगझिन नळीसारखं असतं, काडतुसं एकामागे एक बसतात. एकाचं टोक दुसऱ्याच्या प्रायमरवर टेकतं, म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवतात. गोळी मागे सरकू नये म्हणून केसचं तोंड दाबून घट्ट करतात. ही मॅगझिनची नळी बॅरलला जोडलेली असते, त्यामुळे बॅरल तापलं की ताण बदलतो आणि नेम सरकू शकतो.

आता गोळी. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळलं की ती कडक होते. पण कडकपणापेक्षा माप महत्त्वाचं, असं माझं मत. बॅरलमधल्या खाचांचा व्यास ०.३०८ इंच असेल तर गोळी साधारण ०.३०९ ते ०.३१० ठेवतात. बारीक राहिली तर गरम वायू बाजूने निसटतो, शिसं बॅरलला चिकटतं आणि नेम बिघडतो. छापील मापावर विश्वास न ठेवता जाणकार मऊ शिशाचा तुकडा बॅरलमधून ढकलून मायक्रोमीटरने मोजतात. आपल्या भाषेत, आधी कॅलिब्रेशन!

इथवर सगळं शहाणपणाचं. गडबड पुढे होते. मिश्रधातू बदलला, १०० यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या, दीड इंचाचा गट आला. जुन्या गोळ्यांचा तीन इंचांचा होता. मग काय, नवा मिश्रधातू भारी!

थांबा. समजा दोन्हींचा खरा विखुरलेपणा अगदी सारखा आहे: आडव्या आणि उभ्या दिशेने प्रमाण विचलन १ इंच. तरी तीन गोळ्यांच्या गटात सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांतलं अंतर सरासरी २.४ इंच येतं आणि साधारण दोन-तृतीयांश गट दीड ते सव्वातीन इंचांच्या दरम्यान पडतात. म्हणजे तो 'शोध' निव्वळ नशिबाचा असू शकतो. पाच गोळ्यांना हीच सरासरी ३.१ होते, दहांना ३.८. रायफल तीच, गोळी तीच, नुसती संख्या वाढली. म्हणून तीनच्या गटाची तुलना दहाच्या गटाशी करूच नका.

शिवाय हे माप फक्त दोनच छिद्रांवर ठरतं, बाकीची वाया. त्याऐवजी गटाच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राचं अंतर काढून सरासरी घ्या, सगळ्या गोळ्यांची माहिती वापरली जाते. "ती एक गोळी माझ्या हातून हलली" म्हणून सोडून देणं तर आपण प्रयोगशाळेतही करतो, नाही का? आउटलायर काढायचा नियम मोजण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही.

अजून एक गोष्ट. आधी सगळ्या जुन्या आणि मग सगळ्या नव्या झाडल्या, तर तापलेल्या बॅरलचा परिणाम नव्यांच्या खात्यात जातो. मित्राला दोन डब्यांवर फक्त क्रमांक टाकायला सांगा, आलटून-पालटून झाडा, मध्ये बॅरल थंड होऊ द्या. कुठला डबा कुठला, हे मोजणी संपल्यावरच विचारा.

मी पुढे माझे नमुने असेच केले, लेबलं लॅबमेटने लावली. तीस रीडिंगनंतर माझा तो फरक उरलाच नाही. सरांना सांगितलं, तर त्यांनी पुढचा चहा मागवला.