अधिहर्षता आणि आपला आहार

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ एक लागतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी जेथे वसली, त्या वस्तीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील घराघरांतून दाल-पकवान आणि बेसनाची कढी शिजते. आसपासच्या आगरी-कोळी वस्त्यांत सुके बोंबील, जवळा व कोळंबी ही नेहमीचीच. तर घाटावरून कामधंद्यासाठी येऊन राहिलेल्या कुटुंबांत शेंगदाण्याच्या कुटावाचून भाजीला चव येत नाही. हरभरा, मासळी, शेंगदाणे, दूध, अंडी असे नाना पदार्थ या शहरांतील लोकांच्या पानात पडतात आणि बहुतेक सर्वजण ते सुखाने पचवितात. परंतु त्यांच्यातच एखादा असा निघतो की, कोळंबीचा एक घास पोटात जाताच त्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात आणि श्वास कोंडू लागतो. जे अन्न दहांचे पोषण करते, तेच अकराव्याला विषासमान का व्हावे?

या विकारास वैद्यकाच्या मराठी परिभाषेत ‘अधिहर्षता’ असे म्हणतात. व्यवहारात मात्र ‘ॲलर्जी’ हाच शब्द रूढ आहे. तो व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. ‘निराळी प्रतिक्रिया’ असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणण्याची रीत आहे; पण यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी या गांधींचा काही संबंध नसतो.

येथे एक भेद प्रथमच ध्यानात घेतला पाहिजे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत जाणाऱ्या वालधुनी नदीत नोव्हेंबर २०१४ मध्ये कोणी तरी रासायनिक द्रव्य ओतले. त्याच्या वाफांनी उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांचे श्वास कोंडले, डोळे चुरचुरले आणि पुष्कळांना रुग्णालयात न्यावे लागले. ही अधिहर्षता नव्हे. ते द्रव्यच विषारी होते. जो त्याच्या तावडीत सापडला त्याला त्याने पीडा दिली. अधिहर्षतेत पदार्थ निरुपद्रवी असतो. दोष असतो तो त्या पदार्थाविषयी शरीराने करून घेतलेल्या समजुतीत.

ही समजूत कशी होते ते पाहू. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात व ऊतींत सतत पहारा करीत असतात. त्यांना परका पदार्थ आढळला की त्याच्याशी नेमके जुळणारे प्रतिपिंड नावाचे प्रथिन त्या तयार करतात. देवी, घटसर्प यांसारख्या रोगांवरील लशी याच गुणामुळे उपयोगी पडल्या. परंतु काही व्यक्तींत कोळंबीतील किंवा शेंगदाण्यातील प्रथिनाविरुद्धही एका विशिष्ट जातीचे प्रतिपिंड निर्माण होते. त्याचे नाव ‘आयजीई’. हे प्रतिपिंड त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन चिकटते व तेथे दबा धरून बसते. पहिल्या भेटीत बाहेर काहीच दिसत नाही. पुढे केव्हा तरी तोच पदार्थ पुन्हा आला की तो या प्रतिपिंडांत अडकतो, मास्ट पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि त्यांतून हिस्टामीन व तत्सम द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, कातडी सुजते, खाज सुटते, श्वासनलिका आवळतात. ‘काल-परवापर्यंत तर हा मुलगा हेच खात होता’ असे आई-वडील आश्चर्याने म्हणतात, त्याचे कारण हे. शरीराची तयारी आतल्या आत चालू असते.

हा अपराधी पदार्थ रक्तातच असतो, हे एका विलक्षण प्रयोगाने सिद्ध झाले. जर्मनीतील ब्रेस्लाउ येथे हाइन्झ क्युस्टनर नावाच्या वैद्याला शिजविलेला मासा सोसत नसे. १९२१ साली कार्ल प्राउस्निट्झ या त्यांच्या सहकाऱ्याने क्युस्टनर यांच्या रक्तातील थोडा रक्तद्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ मासे खुशाल खात असत. तरीही त्या तेवढ्या जागी मोठी गांध उठली. एकाची अधिहर्षता दुसऱ्याच्या कातडीवर उतरली! मात्र त्या रक्तद्रवातील घटक नेमका कोणता, हे कळण्यास १९६०-७० हे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील संशोधक यांनी तो स्वतंत्रपणे शोधून काढला.

कोकणपट्टीच्या दमट हवेत या विषयाचा आणखी एक धागा सापडतो. पावसाळ्यात बदलापूरसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी गाद्या-गिरद्यांना ओल धरते आणि धुळीत डोळ्यांना न दिसणारे अष्टपाद किडे वाढतात. घरातील धुळीने येणाऱ्या शिंकांचे व दम्याचे हे एक मोठे कारण होय. गंमत अशी की, या किड्यांच्या स्नायूंतील एक प्रथिन कोळंबीच्या स्नायूंतील प्रथिनाशी पुष्कळ मिळतेजुळते असते. म्हणून धुळीतील किड्यांविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड काही जणांच्या बाबतीत कोळंबीवरही उलटते. शत्रूच्या चेहऱ्याशी साम्य असलेल्या पाहुण्याला पहारेकऱ्याने झोडपावे, तसाच हा प्रकार.

आता आहाराकडे वळू. आपण रोज किती तरी परकी प्रथिने गिळतो. त्या प्रत्येकाशी शरीराने युद्ध मांडले असते तर जगणेच अशक्य झाले असते. आतड्यांत या प्रथिनांची ओळख करून घेऊन ‘हे आपलेच’ असे ठरविणारी एक व्यवस्था असते. त्या कामी काही पेशी इतर पेशींना आवर घालतात. या आवर घालणाऱ्या पेशींचा शोध जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली लावला आणि २०२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांसह मिळाले.

म्हणजे प्रथिन कोणत्या वाटेने शरीरात शिरते याला महत्त्व आले. तोंडावाटे आलेले अन्न बहुधा पाहुणा ठरते. खरजेने किंवा इसबाने फाटलेल्या कातडीतून शिरलेला तोच कण शत्रू ठरण्याचा संभव असतो. त्वचेच्या या तापटपणाचे एक उदाहरण महाराष्ट्राला चांगले परिचयाचे आहे. १९५६ साली पुण्यातून प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत आज देशभर पसरले आहे. त्याच्या वारंवार स्पर्शाने अनेक शेतकऱ्यांच्या अंगाला चिवट इसब होतो. तेथे घडणारी क्रिया आयजीईची नसून पेशींची असते, आणि पुरळ एक-दोन दिवसांनी उमटतो. पण ‘आधी ओळख, मग उद्रेक’ हा क्रम तोच.

मग लहान मुलांना शंकास्पद पदार्थ देऊच नयेत काय? विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत तसाच सल्ला देण्यात आला होता. धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे डॉक्टर सांगत. तरीही शेंगदाण्याची अधिहर्षता वाढतच गेली. पुढे इंग्लंडमधील ज्यू मुलांची तुलना इस्रायलमधील मुलांशी करण्यात आली. इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा खाऊ लवकर मिळतो; तेथे हा विकार सुमारे एक दशांश निघाला. एवढ्यावर न थांबता लंडनच्या गिडियन लॅक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ ते ११ महिने वयाची, इसब किंवा अंड्याची अधिहर्षता असलेली ६४० बाळे निवडली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांत अधिहर्षता आढळली. खाणाऱ्यांत ती केवळ ३ टक्के होती. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि वर्षानुवर्षांचा सल्ला उलटा झाला.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करून बाळाला घरचे अन्न चाटविण्याची चाल आहे. तिच्यामुळेच आपली मुले बचावतात असे म्हणणे घाईचे होईल. तसा पुरावा नाही. तथापि सहा महिन्यांनंतर घरचे विविध अन्न हळूहळू सुरू करण्यास आजचे शास्त्र अनुकूल आहे, एवढे खरे. (बाळाला अख्खा दाणा मात्र कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट शिजवून पातळ करूनच द्यावे.) भाकरी, डाळी, उसळी व भाज्या यांतील चोथ्यावर आतड्यांतील उपकारक जंतू जगतात आणि त्यापासून जी आम्ले तयार करतात ती आवर घालणाऱ्या पेशींना पोषक ठरतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांविषयी असे ठामपणे म्हणण्यास अजून अवकाश आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून विकली जाणारी चूर्णे येथे काय करणार? या विकारात शक्ती कमी पडलेली नसते, तिची दिशा चुकलेली असते.

ऐकीव गोष्टींवरून मुलाचे दूध, अंडी, डाळी बंद करणे हेही तितकेच घातक. दूध पिऊन पोट फुगले तर ती बहुधा दुधातील साखर न पचल्याची खूण असते, अधिहर्षतेची नव्हे. कर्नाटकातील शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत अनेकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे प्रतिपिंड आढळले, पण प्रत्यक्ष विकार हजारी दोघांतही नव्हता. यास्तव नुसत्या रक्ततपासणीवर विसंबून न राहता जाणता वैद्य रुग्णाचा पूर्ववृत्तान्त ऐकतो आणि गरज पडल्यास रुग्णालयात, औषधे हाताशी ठेवून, तो पदार्थ थोडाथोडा खाऊ घालून पाहतो. ही परीक्षा घरी करावयाची नसते. ज्याला खरोखर अधिहर्षता आहे त्याने तो पदार्थ कटाक्षाने टाळावा. खाल्ल्यावर घसा आवळला, भोवळ आली, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. अशा वेळी प्राण वाचविते ते ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन.

दूध व अंडी यांची लहानपणची अधिहर्षता पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. शेंगदाणा, मासे व कोळंबी यांची सहसा टिकून राहते. त्यामुळे दूध-अंडी वर्ज्य केलेल्या मुलाची ठराविक काळाने फेरतपासणी करवून घेण्याचा प्रघात आहे. काही वर्षांपूर्वी ज्याच्या ताटातून अंडे काढून घेतले, त्याला ते पुन्हा वाढता येईल की नाही, हे त्या तपासणीतच कळते.