जुनी लेन्स : आधी काच पाहा, नाव नंतर वाचा

अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात नगरचा कापड बाजार घ्या की संगमनेर, श्रीरामपूरची बाजारपेठ घ्या, फिल्मच्या जमान्यातील अनेक फोटो स्टुडिओ आता बंद झाले आहेत. वडिलांच्या पश्चात मुले माळ्यावरची पेटी खाली काढतात. तिच्यात लाकडी कॅमेरा, पितळी नळीची जाडजूड लेन्स किंवा एखादी छोटी आट्यांची लेन्स निघते. हा माल भंगारवाल्याकडे, घड्याळ-चष्मा दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे येतो. या तिन्ही धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत.

येथे दोन चुका होतात. कोणी चांगली लेन्स पितळेच्या मोडीच्या भावाने घालवतो, तर कोणी नुसते विलायती नाव वाचून नकली मालात भांडवल अडकवतो. दोन्ही टाळायच्या असतील तर परीक्षेचा क्रम लक्षात ठेवावा : आधी काच, मग बांधणी, मग क्रमांक आणि सर्वांत शेवटी नाव. कारण नाव कोरणे सर्वांत सोपे असते.

पितळी लेन्सची परीक्षा

पहिली कसोटी अगदी साधी आहे. दिवसा खिडकीसमोर उभे राहून लेन्समागे पांढरा कागद धरावा आणि पुढे-मागे करावा. कागदावर खिडकीचे उलटे, स्वच्छ चित्र उमटले पाहिजे. केवळ शोभेसाठी बनवलेल्या नळीत चित्र धड उमटत नाही.

दुसरी कसोटी दिव्याची. लेन्सचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढून प्रत्येकात विजेच्या दिव्याची प्रतिबिंबे मोजावीत. व्हिएन्नाचे गणिती जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये चेहऱ्याच्या फोटोसाठी लेन्सची रचना केली. तिच्या पुढच्या भागात दोन काचा चिकटवलेल्या असतात. म्हणून तेथे दोन ठळक व एक अंधूक प्रतिबिंब दिसते. मागच्या भागात दोन काचांमध्ये फट असते, तेथे चार ठळक प्रतिबिंबे दिसतात. एवढे जुळले तर पेट्झवाल जातीची लेन्स समजावी. अशा लेन्सला आजही शौकीन गिऱ्हाईक आहे. दोन्ही भागांत दोन ठळक व एक अंधूक असे दिसले, तर ती बहुधा १८६६ नंतर प्रचारात आलेली, दोन्हीकडे सारखी रचना असलेली लेन्स असते. ती त्या काळी सर्रास वापरात होती, म्हणून तिचा भाव सहसा कमी.

नावाबाबत सावध राहावे. उत्तर भारतात पितळी दुर्बिणी व होकायंत्रे शोभेसाठी बनतात आणि त्यांवर लंडनच्या कंपन्यांची नावे कोरली जातात. 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' हे त्यातले नेहमीचे. या दोन घराण्यांची मिळून त्या नावाची कंपनी झाली ती १९४७ मध्ये! तेव्हा नाव आणि साल यांचा मेळ बसतो का, हे आधी तपासावे.

छोट्या लेन्सची परीक्षा

जर्मनीचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. २०२२ मध्ये त्याचा एक आरंभीचा नमुना लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. अशा बातम्यांमुळे नक्कल करणाऱ्यांचे फावते. सोव्हिएत रशियात १९३४ पासून फेड आणि १९४८ पासून झोर्की हे लायकाच्या धर्तीचे कॅमेरे निघाले. पुढे त्यांचीच अक्षरे घासून वर 'लायका' आणि लेन्सवर 'एल्मार' असे कोरून विकण्याचा धंदा सुरू झाला.

ओळख अशी. लेन्समध्ये समोरून पाहत पाकळ्यांचा पडदा बारीक करावा. खऱ्या ५ सेंटिमीटरच्या एल्मारमध्ये पडदा पहिल्या काचेच्या लगेच मागे असतो. रशियन लेन्समध्ये तो दोन काचांच्या मागे, आत खोल दिसतो. कॅमेराही सोबत असेल तर लेन्स काढून आत वरच्या बाजूला पाहावे. अंतर जुळवणाऱ्या दांडीच्या टोकाला लायकात गोल चाक असते. फेड-झोर्कीच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत त्या जागी चपटा तुकडा असतो. रशियन लेन्स वाईट नसते. मात्र ती रशियन म्हणून, रशियन लेन्सच्या भावानेच विकली पाहिजे.

भाव कशावर ठरतो?

काचेतून विजेरीचा उजेड टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, चिकटवलेल्या काचांच्या कडेला सुटलेले इंद्रधनुषी डाग, पुसून पडलेले ओरखडे, यांनी किंमत झपाट्याने उतरते. नगरची हवा कोरडी असली तरी चामडी पेटीत वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी लागतेच. काच पिवळसर-तपकिरी असेल तर ती थोरियमयुक्त असू शकते. थोरियम किरणोत्सारी असल्याने अशी काच घासू किंवा फोडू नये. पितळ चकाचक करण्याचा मोहही टाळावा, कारण मूळ लाखेचा थर गेला की जाणकार गिऱ्हाईक मागे फिरते. लेन्स कॅमेऱ्यावर बसवण्याची मूळ कडी सोबत असेल तर जपून ठेवावी. आणि भाव काढताना मागितलेली किंमत धरू नये, प्रत्यक्ष सौदा कितीला झाला ते विचारावे.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, गतकाळातील विज्ञान वा कला दाखवणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. बाहेरचे गिऱ्हाईक आले तर आधी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

शेवटची गोष्ट सचोटीची. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. लेन्सची बुरशी ही तशीच आतली ओल आहे. ती गिऱ्हाइकाला उजेडात दाखवून मगच भाव सांगावा. पेटी घेऊन आलेल्या विधवेला वस्तूची किंमत ठाऊक नसेल, तर तिलाही ती सांगावी. असा सौदा थोडा कमी नफ्याचा होईल, पण दुकानाची पत राहील आणि कमाईत बरकत राहील.