पाण्याचे विरजण : पहिल्या मत्स्यपेटीविषयी काही विवेचन

‘ॲक्वेरियम’ हा शब्द मूळचा लॅटिन असून त्या भाषेत गुराढोरांना पाणी पाजण्याची जागा असा त्याचा अर्थ होता. जलचर ठेवण्याचे पात्र या आजच्या अर्थाने तो रूढ झाला तो फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गाभ्यासकाच्या १८५४ सालच्या ग्रंथापासून. या शब्दात मासा कोठेच नाही. आहे ते केवळ पाणी. आपण मात्र ‘मत्स्यालय’, ‘मत्स्यपेटी’ असे शब्द घडविले आणि माशाला पुढे बसविले. शब्दांचा दोष काढण्याचा येथे हेतू नाही. परंतु नवशिक्याचे वर्तन आपल्या शब्दाला धरून होते आणि लॅटिन शब्दाला धरून होत नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी. तो एकाच संध्याकाळी काचेची पेटी आणि मासे घरी आणतो. पाणी नितळ दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे एकेक करून मरू लागतात, आणि पाणी तर अजूनही नितळच असते. ‘नितळ’ हे दृष्टीचे विशेषण आहे, आरोग्याचे नव्हे, हा भेद येथे प्राणांवर बेततो.

या मृत्यूंचे कारण समजण्यास थोडे मागे जावे लागते. लंडनमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे एक छोटा निबंध वाचला. बारा गॅलनच्या पात्रात त्याने दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. कुजणारी पाने पाणी बिघडवू लागली, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. आणि पाणी न बदलता तो संसार सुरळीत चालला. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू देतो, असा समतोल त्याने मांडला. मांडणी खरी होती, पण अपुरी होती. नत्राचा हिशोब तीत नव्हता. तो हिशोब पुढे मांडणाऱ्यांत त्याचाच मुलगा होता, हा योगायोग मोठा रम्य आहे. धाकटा रॉबर्ट वॉरिंग्टन रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात काम करीत असे. मातीतील अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत होते आणि दोन टप्प्यांचे जीवाणू वेगळे असतात, हे त्याने प्रयोगांनी दाखविले. ते जीवाणू १८९० च्या सुमारास वेगळे काढले विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने.

मातीत जे घडते तेच पेटीत घडते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. जीवाणूंचा एक वर्ग या अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिली दोन द्रव्ये माशास घातक आहेत. तिसरे बेताच्या प्रमाणात फारसे बाधत नाही. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो तो यामुळे. अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवरही अवलंबून असते. शेतकऱ्यांना माती-परीक्षणामुळे परिचित झालेला हा ‘सामू’ शब्द येथेही उपयोगी पडतो. पंचवीस अंश तपमानाला सामू ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच खऱ्या विषारी रूपात असतो; सामू ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांवर जाते. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली; गोड्या पाण्याच्या पेट्यांत ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ सालच्या संशोधनात दिसून आले. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायराही २०१५ साली सापडला.

नव्या पेटीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. ते वाढतात सावकाश, आणि त्यांचे ठाणे पाण्यात नसून वाळूवर, काचेवर व विशेषतः गाळणीच्या स्पंजात असते. या वाढीस चार ते सहा आठवडे लागतात. छंदिष्टांच्या बोलण्यात यासाठी ‘टाकी सायकल करणे’ असा प्रयोग आढळतो. तो ऐकून नवख्याच्या डोळ्यांपुढे भलतेच वाहन उभे राहते. आपल्या स्वयंपाकघरात याहून नेमके शब्द आहेत. लोणचे मुरते, तसे पाणी मुरू द्यावे. आणि दुधाला विरजण लावतात, तसे पाण्यालाही लावावे. एखाद्या परिचिताच्या जुन्या, निरोगी पेटीतील गाळणीचा स्पंज ओलाच आणून आपल्या गाळणीत ठेवणे, हे ते विरजण. त्याने कालावधी पुष्कळ कमी होतो. मात्र रोगट पेटीतील विरजणाबरोबर रोगही येतो, हे विसरू नये.

विरजणाला दूध लागते, तसा या जीवाणूंना अमोनिया लागतो. तो माशांकडून घेणे म्हणजे माशांना विषात ठेवणे होय. त्याऐवजी नवसागर वापरावा; रसायनशास्त्रातील अमोनियम क्लोराइड तो हाच. कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध घ्यावा. पन्नास लिटर पाण्यास सुमारे एकतृतीयांश ग्रॅम घातल्यास लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. मग थेंबांच्या परीक्षण-संचाने दर दोन-तीन दिवसांनी मोजमाप करावे. प्रथम अमोनिया उतरतो व नायट्राइट चढते. पुढे तेही उतरते. अमोनिया संपला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. अशी मात्रा चोवीस तासांत पूर्ण नाहीशी होऊन नायट्राइटही शून्य येऊ लागले, म्हणजे पाणी मुरले. त्यानंतर साचलेले नायट्रेट काढण्यासाठी निम्मे पाणी बदलावे.

पेटी फार लहान घेऊ नये. थोड्या पाण्यात विष लवकर दाटते, म्हणून काचेचा गोल वाडगा हा माशांचा तुरुंगच समजावा. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा पेटीत ५४ लिटर मावतात. वाळू व काच धरून वजन साठ-सत्तर किलोंपर्यंत जाते, तेव्हा बैठक भक्कम व सपाट हवी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना व जीवाणूंना सारखाच मारतो. साधा क्लोरीन पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास उडून जातो, क्लोरॅमिन तसा उडत नाही. म्हणून सोडियम थायोसल्फेट वापरणे बरे. तपमान २४ ते २७ अंश असावे. कोकणपट्टीत बहुतेक काळ तापकाची गरज भासत नाही, पुण्या-नाशकाच्या थंडीत पन्नास वॅटचा तापक लागतो. विदर्भातील उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. तेथे हवेचा पंप अखंड चालू ठेवावा.

पहिले मासे म्हणून पाच-सहा झेब्रा डॅनिओ आणावेत. ‘उष्णकटिबंधीय’ या लांबलचक विशेषणाने ते परदेशी वाटतात, पण हा मासा आपल्याच उपखंडातील आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि देशी नावे शास्त्रीय नामावलीत बसविण्याची त्याची रीत होती. रोहूचे ‘रोहिता’ त्यातलेच. डॅनिओ काटक आहे व सामूचे चढउतार सोसतो. निऑन टेट्रा मात्र मृदू पाण्यातला. विहिरीच्या वा विंधनविहिरीच्या जड पाण्यात तो प्रारंभी ठेवू नये. तेथे गप्पी अधिक रमतो.

पुढील काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न दिवसातून एकदा-दोनदा द्यावे. अतिथिधर्म येथे घातक ठरतो. गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलके पिळावा. कारण नळाखाली खळखळून धुतला की दीड महिन्याचे विरजण मोरीत वाहून जाते आणि मासे पुन्हा पहिल्या दिवसाच्या पाण्यात सापडतात. पहिल्या तुकडीनंतर दोन आठवडे मोजमाप चालू ठेवावे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर राहिले, तरच पुढची तुकडी आणावी, आणि तीही शक्य तर काही दिवस वेगळ्या पात्रात ठेवून. नको झालेला मासा नदीत किंवा तळ्यात सोडू नये. पेट्यांतील शेवाळ खाण्यासाठी म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतील ‘सकर’ मासा असाच सोडला जाऊन आपल्या देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे, आणि तेथील कोळ्यांची जाळी फाडतो आहे.