बोकड, हरभरा आणि जलपर्णी

बकरी ईदच्या आधी आठ-दहा दिवस दारात बोकड बांधलेला असतो. मुले त्याला पाला घालतात, त्याचे लाड करतात आणि सकाळी त्या जागेवरून जाताना नाक मुरडतात. तो झोंबणारा वास अमोनियाचा. बोकडाच्या मूत्रात युरिया असतो. जिवाणू त्याचा अमोनिया करतात. सातवी-आठवीच्या मुलांना नायट्रोजन चक्र शिकवायचे तर सुरुवात इथूनच करावी, असे मला वाटते. पुस्तकातली बाणांची गोल आकृती मुले पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरून जातात.

पिंपरी-चिंचवडच्या कुटुंबांना पुढचा धडाही लांब नाही. चाकणकडे कारखान्यांच्या शेजारी अजून शेते आहेत. शेतावरच्या गोणीतला युरिया आणि बोकडाचा युरिया एकच, हे ऐकून मुले आधी हसतात, मग प्रश्न विचारतात. गणितही घाला: 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे जवळपास 21 किलो. (शेतकरी नायट्रोजनला नत्र म्हणतात.) हवेत नत्र 78 टक्के आहे, पण बहुतेक पिकांना तो थेट घेता येत नाही.

हरभऱ्याने मात्र सोय करून ठेवली आहे. हिवाळ्यात फुलावर आलेले एखादे रोप शेतकऱ्याला विचारून खुरप्याने मातीसकट काढा. हिसका देऊन उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात अलगद धुवा आणि एक गाठ मुलाला नखाने फोडू द्या. आत गुलाबी दिसले, तर गाठ कामावर आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र रोपाला देतात, बदल्यात साखर घेतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे जुने शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

मग उन्हाळ्यात पवनेच्या पुलावर थांबा. पाणी दिसत नाही, जलपर्णीचा हिरवा थर दिसतो. आपल्या संडास-मोऱ्यांचे पाणी शुद्ध न होता नदीत गेले, की त्यातल्या नत्रावर आणि फॉस्फरसवर ती फोफावते. तिच्या आडोशाने डास वाढतात. संध्याकाळी काठच्या घरांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात. शुद्धीकरण केंद्रात नीट व्यवस्था असेल, तर काही जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि दुसरे त्यातला नत्र परत हवेत सोडतात. आकृतीतला शेवटचा बाण तो हाच.

महापालिका दरवर्षी जलपर्णी काढते. पण काढलेले ढीग काठावरच कुजत राहिले, तर त्यातला बराच नत्र पावसाबरोबर पुन्हा नदीत उतरतो.